कुमनी कोणी कापली

लग्न होऊन मी दुर्गच्या मोहन नगरातल्या घरी आले तेव्हा बैठकीत बसायला जागा नव्हती. सोफा होता, पण त्यावर बांबूच्या कमच्या वाळत घातलेल्या होत्या. पातळ, हातभर लांब, सगळ्या एका मापाच्या. मी शालू सावरत उभीच राहिले. सासऱ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग कमच्यांकडे, आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तिले खाटेवर बसव. याले हात नको लावू म्हणा."

ही आमची पहिली भेट. मी समोर उभी असताना माझ्याविषयी दुसऱ्याशी बोलायची त्यांची पद्धत त्या दिवसापासून सुरू झाली.

सासरे भंडाऱ्याकडचे, वैनगंगेच्या काठच्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या घरातले. तरुणपणी भिलाईला आले, प्लांटमध्ये लागले आणि सगळी नोकरी भट्टीसमोर काढली. रिटायर झाल्यावर बाकीच्यांनी भिलाईतच घरं बांधली. यांनी मोहन नगरात घेतलं, कारण तिथून शिवनाथ नदी सायकलीवर गाठता येत होती. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. त्यानंतर या माणसाला दोनच कामं उरली होती, घरी बसून कुमनी विणायची आणि पहाटे उठून ती नदीत लावायची.

कुमनी म्हणजे बांबूच्या कमच्यांचा मासे धरायचा सापळा. लांबट, पोटाला फुगीर, शेपटीकडे निमुळता. तोंडाशी टोकदार काड्या नरसाळ्यासारख्या आत वळवलेल्या असतात. मासा पाण्याच्या ओढीबरोबर आत शिरतो, परत फिरला की काड्या त्याला टोचतात. शेपटीकडची दोरी सोडायची आणि मासे टोपलीत ओतायचे. सासऱ्यांच्या गावाकडे हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं. माझे वडील त्याच प्लांटमध्ये बाबू होते, मूळचे अमरावतीचे. मी भिलाईच्या सेक्टरमधल्या क्वार्टरात वाढले, आणि आमच्या स्वयंपाकघरात अंडंही येत नव्हतं. लग्न आमच्या दोघांच्या पसंतीचं होतं. दोन्ही घरांनी नाक मुरडलं, पण माझ्या घरच्यांचं नाक मागे राहिलं. सासऱ्यांचं रोज समोर होतं.

आठव्या की नवव्या दिवशी त्यांनी ओट्यावर टोपली आणून ठेवली. आत बारीक कोतरी मासे आणि झिंगे. काही अजून हलत होते.

"मामाजी, मले हे साफ करता येत नाही," मी म्हणाले. "अन् मी करणारबी नाही."

त्यांनी नवऱ्याला हाक मारली. तो दाढी अर्धी ठेवून आला.

"ही मासे साफ करत नाही म्हणते. खाते का?"

"नाही खात, बाबा. तुमाले सांगितलं होतं."

"मंग हिले ढिवराच्या घरात आणली कावून?"

त्यांनी टोपली उचलली, मागच्या अंगणात नेली आणि स्वतः मासे साफ केले. खवले मुद्दाम माझ्या तुळशीजवळ टाकले. असं मी तेव्हाही म्हणाले आणि अजूनही म्हणते. तिथे नळ नव्हता, दगड नव्हता, मासे साफ करायला तिथे बसायचं काही कारणच नव्हतं.

दुपारी मी घरी शिकवणी घ्यायला लागले. मुलं दारातच नाक धरायची. दोन मुलींच्या आया येऊन सांगून गेल्या, वास येतो, उद्यापासून नाही पाठवत. सासरे व्हरांड्यात बसून बांबू सोलत होते. त्यांनी ऐकलं आणि सुरी चालवत राहिले. मला वाटलं, हसले.

मी काही कमी नव्हते. मला मुलगी झाली. ती पाच महिन्यांची असताना, थंडीत, एका सकाळी गॅस संपला. नवरा फर्स्ट शिफ्टला, सासरे नदीवर. मागच्या अंगणात विटांची चूल होती, पण लाकडं दवानं ओली. पोरीला आंघोळ घालायची होती. व्हरांड्यात दोन कुमन्या होत्या. एक जुनी, पोटाशी फुटलेली, फेकायला काढलेली. दुसरी आदल्या संध्याकाळी पुरी झालेली. त्यावर ते पाच दिवस बसले होते. मोडकी माझ्या हाताशी होती. मी दोन पावलं पुढे जाऊन नवी उचलली.

वाळलेला बांबू काय सुरेख जळतो. पाणी पटकन तापलं.

सासरे आले, सायकल लावली, रिकामी जागा पाहिली आणि सरळ चुलीकडे गेले. काडीनं राख उकरली. बांधायची नायलॉनची दोरी वितळून तिचे काळे मणी झाले होते. त्यातला एक त्यांनी बोटांनी उचलला, पाहिला, परत टाकला.

तिसऱ्या दिवशी मी न्हाणीतल्या ड्रममध्ये तांब्यासकट हात घातला आणि किंचाळले. तळहातात काहीतरी घुसलं होतं. ड्रमच्या तळाशी पाच टेंगने फिरत होते. टेंगन्याच्या कल्ल्याशी काटा असतो, तो शिरला की हात आतून पेटल्यासारखा होतो. संध्याकाळपर्यंत माझा हात मनगटापर्यंत सुजला आणि ताप भरला.

नवऱ्यानं विचारलं, "बाबा, हे काय केलं?"

"मासे ठेवले. पाण्यात ताजे राहतात."

"ड्रममध्येच कावून?"

"तिनं चुलीतच कावून टाकली?"

नवरा खुर्चीवर बसला आणि म्हणाला, तुम्ही दोघं मले जगू देणार का नाही ते एकदा सांगून टाका.

अशी वर्षं गेली. मुलगी शाळेत जायला लागली. ती आजोबांजवळ बसायची, मासेही खायची, आणि त्यांचे निरोप मला आणून द्यायची. "आजोबा म्हणतात, मास्तरणीले सांग चहात साखर कमी झाली." मी म्हणायची, "आजोबांना सांग, साखर स्वयंपाकघरात आहे."

मग एका पावसाळ्याच्या शेवटी सासरे नदीच्या उतारावर सायकलीवरून पडले. घोटा मोडला. प्लास्टर निघाल्यावर पाय थोडा वाकडाच पडायला लागला. डॉक्टरांनी सायकल बंद सांगितली. सासरे दुसऱ्याच दिवशी सायकल काढून दारात उभे. नवऱ्यानं किल्ली लपवली तर पायी निघाले.

"तू स्कूटीवर सोडत जा," नवरा मला म्हणाला.

"मी?"

"माही शिफ्ट राहते. ते थांबणार नाहीत. कुठंतरी ट्रकखाली येतील."

मी मनात काय म्हटलं ते लिहीत नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला मी स्कूटी काढायला लागले. सासरे मागे बसायचे, मांडीवर कुमनी आडवी. माझ्या खांद्याला हात लागू नये म्हणून मागची कडी धरायचे. वाटेत एक शब्द नाही. वळण आलं की फक्त "डावा."

एनीकटच्या, म्हणजे नदीवरच्या बुटक्या बंधाऱ्याच्या खाली शिवनाथ खडकांमध्ये फुटते. दसऱ्यानंतर पाणी उतरायला लागलं की तिथे चार-पाच धारा तयार होतात. प्रत्येक धारेत कोणीतरी दगड-चिखलाचा बुटका बांध घालतं, मधे हातभर फट ठेवतं आणि फटीत कुमनी बसवतं. पाणी सगळं त्या फटीतून जातं, मासेही. सासऱ्यांची धार वरची, सगळ्यात जोराची. मी खडकावर बसून मुलांच्या वह्या तपासायची, ते गुडघाभर पाण्यात उभे असायचे.

तिथे मी त्यांना पहिल्यांदा मोठ्यानं हसताना ऐकलं.

काठच्या गावातला एक म्हातारा केवट होता, म्हणजे तिकडचा मासेमार, त्यांच्याच वयाचा. दोघं मितान होते. छत्तीसगढात दोन माणसं देवासमोर नारळ फोडून मितान होतात, मग ते नातं सख्ख्या भावाच्या वरचं. एकदा मितान झालं की एकमेकांचं नाव घ्यायचं नाही. हाक मारायची ती फक्त "मितान". सासऱ्यांनी नोकरीत असतानाच हे नातं जोडलं होतं, सुट्टीच्या दिवशी नदीवर येऊन. एक जण छत्तीसगढी बोलायचा, एक जण आपली भंडाऱ्याची मराठी, आणि दोघांना सगळं कळायचं. कुमनीच्या तोंडाशी काड्या किती आत वळवायच्या, पोटातल्या अंड्यांनी फुगलेली मासोळी हाताला कशी कळते आणि ती का सोडून द्यायची, हे मला त्या म्हाताऱ्यानंच सांगितलं. सासऱ्यांना ते आवडायचं नाही. "तिले काय सांगून राहिला? ती जाळते," ते म्हणायचे. म्हातारा हसायचा आणि सांगतच राहायचा.

खालच्या धारेत एक केवटीण कुमनी लावायची. पन्नाशीची, विधवा, हाडकुळी. मासे बाजारात नेऊन विकायची आणि त्यावरच तिचं घर चालायचं. सासऱ्यांच्या बांधानं वरचं पाणी ओढून घेतलं होतं, तिच्या फटीत जेमतेम घोटाभर यायचं. त्या वर्षी पाऊसही कमी झाला होता.

"कका, एक हाथ पथरा सरका दे," ती एकदा म्हणाली. हातभर दगड सरकव, एवढंच.

"पाणी जिकडे जाते तिकडे जाते," सासरे म्हणाले. "मी काही त्याले बोलावून आणत नाही."

मितान मधे पडला. "दे दे न मितान, थोकिन पानी." थोडं पाणी दे की.

"तू तिची वकिली कावून करून राहिला?"

ते हसत म्हणाले होते, पण दगड सरकवला नाही. बाई मागे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "पेंसन घलो खाथे, अउ हमर मछरी घलो." पेन्शनही खातो आणि आमचे मासेही. सासऱ्यांचा चेहरा लाल झाला. मी वह्यांमध्ये डोकं घातलं. ती खरं बोलली होती आणि मला गुदगुल्या झाल्या होत्या.

त्यानंतर आठवड्याभरात कुमनी कापलेली मिळाली.

कमच्या शाबूत होत्या. शेपटीकडची दोरी कापली होती, सुबक, शिवण उसवावी तशी. आत एक मासा नाही. सासऱ्यांनी नवी दोरी बांधली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा झालं तेव्हा त्यांनी कुमनी बांधातून काढली आणि बाजूला एका कपारीत, वरून दिसणार नाही अशी लावली. तेव्हा काठावर मी होते आणि मितान होता. केवटीण खाली आपल्या पाण्यात वाकलेली होती, तिची पाठ आमच्याकडे होती.

दुसऱ्या दिवशी नदीच्या फाट्यावर सासऱ्यांना प्लांटमधला एक जुना सोबती भेटला. ते उतरले. "ही दुसरी कुमनी पुढं नेऊन ठेव," ते हवेला म्हणाले, म्हणजे मला. मी एकटी पुढे गेले.

कपारीपाशी केवटीण उभी होती. साडी खोचलेली, हातात विळा. तिनं दोरी कापली, कुमनी उलटी केली आणि मासे तिच्या कमरेच्या टोपलीत पडले. मग ती वळली आणि मी दिसले. आमच्यात दहा पावलांचं अंतर होतं. तिनं विळा लपवला नाही, टोपलीही नाही.

"बताबे का?" तिनं विचारलं. सांगशील का?

"नहीं," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि आरामात पाण्यातून चालू लागली.

मला तिची दया आली म्हणून मी गप्प बसले असं लिहिलं तर लोक मला बरी म्हणतील. तिची दया मला फार नंतर आली. त्या क्षणी मला फक्त बरं वाटलं. त्या माणसाची एखादी गोष्ट कोणीतरी तोडत होतं आणि माझे हात स्वच्छ होते. आणि मी तेवढ्यावर थांबले नाही. स्कूटी वळवली, फाट्यावर परत गेले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सासऱ्यांना विचारलं, "मामाजी, चहा घेता का?" ते चमकले. सोबती म्हणाला, सूनबाई म्हणते तर घे रे. टपरीवर दोघांचा चहा होईपर्यंत मी घड्याळ पाहत होते. बाईला मासे घरी टाकून यायला तेवढा वेळ पुरे होता.

नदीवर पोचल्यावर सासऱ्यांनी कपारीतली कापलेली कुमनी बाहेर काढली आणि बराच वेळ दोरीचं टोक पाहत उभे राहिले.

"ही जागा दोघांलेच माहीत होती," ते म्हणाले.

दोघांनाच नव्हती, मलाही होती. पण माझा संशय त्यांनी घेतला नाही. कुमनीच्या कामात मी त्यांच्या हिशेबी माणूसच नव्हते.

एव्हाना आलेला मितान काठावर बसून आपली कुमनी धूत होता. सासरे वाकड्या पायानं खडकांवरून त्याच्यासमोर गेले आणि कापलेली कुमनी त्याच्या पुढ्यात टाकली.

"मागितली असती तर सारी धार दिली असती," ते म्हणाले. "कापून नेली कावून?"

म्हाताऱ्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. "मैं नइ काटे हँव, मितान."

"मंग कोणं कापली? जागा तू पाहिली होती. तिची बाजू तू घेत होता. तिले देत होता का मासे? का स्वतः खात होता?"

"मितान, बइठ. पहिली बइठ."

सासरे बसले नाहीत. त्यांनी त्याचं नाव घेतलं. मोठ्यानं, तीनदा, आणि प्रत्येक वेळी त्यापुढे चोर लावलं. कपडे धुणाऱ्या बायका थांबल्या. मला तोपर्यंत त्या म्हाताऱ्याचं नाव माहीतच नव्हतं. ते ऐकताना कोणीतरी त्याला सगळ्यांसमोर उघडं केल्यासारखं वाटलं.

मी हातात हेल्मेट धरून उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. खालच्या धारेत केवटीण आपल्या कुमनीच्या तोंडातलं शेवाळ काढत होती. तिनं मान वर केली नाही. मीही तोंड उघडलं नाही.

म्हाताऱ्यानं ओंजळीत पाणी घेतलं, चूळ भरली, आपली कुमनी खांद्यावर टाकली आणि काठ चढून गेला. वर पोचेपर्यंत त्यानं मागे पाहिलं नाही.

घरी आल्यावर सासरे व्हरांड्यात बसले आणि कोणालाही न सांगता म्हणाले, "चोर निघाला."

जवळ मीच होते. मी म्हणाले, "हो का."

माझ्या सगळ्या बोलण्यातले हे दोन शब्द मला सगळ्यात जास्त छळतात.

त्यानंतर कुमनी कापली जायची थांबली. केवटीण हुशार होती, तिला ठाऊक होतं की आता कापली तर नाव मितानवर जाणार नाही. सासऱ्यांना मात्र तोच पुरावा झाला. म्हातारा येत नाही अन् कुमनी साबूत राहते, अजून काय पाहिजे. ते रोज जात राहिले. एकटे पाण्यात उभे राहायचे. मासे भरपूर मिळायचे आणि ते आल्या आल्या टोपली शेजाऱ्यांना वाटून टाकायचे.

मी सांगायचं ठरवलं की सकाळी काहीतरी व्हायचं. ते पोरीला म्हणायचे, तुही माय झाडूबी धड मारत नाही. माझं ठरवलेलं विरून जायचं. असे चार महिने गेले.

होळीच्या आधी एके दिवशी ते नदीवरून परतले आणि चप्पल न काढता आत आले. मी भाजी निवडत होते. नवरा झोपला होता, नाइट करून आलेला.

"मितानीन मेली," ते म्हणाले. मितानची बायको. "दहा दिवस झाले. धोबी सांगून राहिला. मले निरोप नाही."

ते खाली बसले, सवयीनं एक बांबू ओढला आणि सोलायला लागले. सुरी बोटात गेली. रक्त कमच्यांवर पडत होतं तरी त्यांचा हात थांबला नाही.

मी म्हणाले, "मामाजी, कुमनी त्यांनी कापली नव्हती. खालच्या केवटीणीनं कापली. मी पाहिलं होतं."

सुरी थांबली. त्यांनी पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं.

"कधी पाहिलं?"

"तुम्ही फाट्यावर उतरले होते त्या दिवशी."

"म्हणजे मी त्याचं नाव घेतलं तेव्हा तुले माहीत होतं."

"हो."

"तू तिथंच उभी होती."

"हो."

"मंग बोलली कावून नाही?"

खोटं बोलायला जागा होती. घाबरले, लक्षात आलं नाही, बाई गरीब होती. मी म्हणाले, "तुमचं काही तुटलं तर तुटू द्यावं, असं वाटलं मले."

मला वाटलं, ते सुरी फेकतील. ते उठले, बोटाला फडकं गुंडाळलं आणि म्हणाले, "गाडी काढ."

म्हाताऱ्याचं घर काठच्या गावात, दोन खोल्यांचं. मी स्कूटी रस्त्यावर लावून बाहेर थांबले. दार उघडं होतं, त्यामुळे सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. म्हातारा खाटेवर, डोक्याचे केस काढलेला. सासरे उंबऱ्याबाहेर उभे.

"माह्याकडून चूक झाली," ते म्हणाले. "दुसरीनंच कापली होती. मले आज समजलं."

म्हाताऱ्यानं पाय खाटेवर ओढून घेतले.

"मी गावासमोर सांगतो. म्हणशील तिथं सांगतो."

"तैं नाव ले डारे," म्हातारा शांतपणे म्हणाला. "अब का बाचिस?" तू नाव घेऊन टाकलंस, आता काय उरलं.

सासरे तिथे किती वेळ उभे राहिले मला सांगता येत नाही. आतून एक सून आली, त्यांच्यासमोर पाण्याचा लोटा ठेवला आणि गेली. म्हातारा कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडला. सासऱ्यांनी पाणी प्यायलं नाही. कोणी "प्या" म्हणालं नव्हतं.

परतताना मोठ्या रस्त्यावर त्यांनी माझ्या पाठीवर बोट टोचलं. "थांबव."

मी थांबवली. ते उतरले आणि चालायला लागले. घर अजून चांगलं लांब होतं. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. मी त्यांच्या मागे हळूहळू स्कूटी चालवत राहिले.

"मागं नको येऊ," ते न वळता म्हणाले.

"पाय दुखेल तुमचा."

"दुखू दे. तुले बरं वाटेल."

मी पुढे निघून आले. दोन तासांनी ते पोचले. पाय सुजून टम्म.

नवऱ्यानं सगळं ऐकलं आणि पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही. मग एकदा जेवताना म्हणाला, "बाबांनी तुहं एवढं काय बिघडवलं होतं?" मी सांगायला लागले. वास, तुळस, शिकवणी, ड्रम. सांगता सांगता मलाच ऐकू आलं की एका माणसाच्या जन्माच्या मैत्रीपुढे ही यादी किती लहान आहे. तरी मी ती पूर्ण केली. अर्धवट सोडून त्याला जिंकू देणं मला जमलं नाही.

सासरे त्यानंतर एकदाच नदीवर गेले, ऑटो करून. काय केलं ते मला केवटीणीकडून कळलं. उन्हाळ्यात ती बाजारात पाटी घेऊन बसलेली दिसली. मी पुढे निघून जात होते, तिनंच हाक मारली.

"आया था तेरा ससुर. अपना बाँध अपने हाथ से तोड़ के गया. मेरे को कुछ नहीं बोला."

"अच्छा," मी म्हणाले.

"अब सब पानी मेरा है." मग ती माझ्याकडे पाहत आपल्या बोलीत म्हणाली, "हमन दूनों मिल के भगाएन ओला." आपण दोघींनी मिळून हाकललं त्याला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मैंने कुछ नहीं किया. काटा तुमने."

"चाय पिलाने तू ले गई थी ना," ती म्हणाली. फाट्यावरचा टपरीवाला तिचा भाचा होता, हे तिनंच सांगितलं.

मला तिची पाटी उलटवून द्यावीशी वाटली. तिच्या पोटासाठी तिनं ते केलं होतं. मी कशासाठी केलं होतं, ते तिलाही माहीत होतं आणि तरी ती मला आपल्या बरोबरीला बसवत होती. मी निघाले. आजही त्या बाजूचा बाजार टाळते.

सासरे आता ऐंशीला टेकले आहेत. नदीवर जात नाहीत. उरलेला बांबू त्यांनी भंगारवाल्याला दिला. मितान गेल्या वर्षी वारला. त्याचाही निरोप आला नाही. घरात एकच बदल झाला. सासरे आता माझ्याशी सरळ बोलतात. मधे कोणाला घेत नाहीत. "भात कच्चा आहे." "पंखा बंद कर." "तुह्या बापानं तुले हेच शिकवलं का?" मीही सरळ उत्तर देते. नवरा म्हणतो, आधीचं बरं होतं.

या हिवाळ्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. चार आठवडे, दिवसातून चार वेळा थेंब टाकायचे होते. नवऱ्याची शिफ्ट, मुलगी रायपूरला हॉस्टेलवर, म्हणजे राहिले मी. पहिल्या दिवशी ते खाटेवर उताणे झाले. मी बाटली उघडली आणि त्यांच्या कपाळावर हात ठेवला. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी हात लावला नव्हता. कपाळ गरम होतं आणि खूप खरखरीत.

त्यांनी डोळा मिटून घेतला.

"बाटली तीच आहे का?"

"तीच आहे."

"वाचून दाखव."

मी औषधाचं नाव वाचलं, तारीख वाचली, कोणत्या डोळ्यात आणि किती थेंब तेही वाचलं. मग त्यांनी डोळा उघडला. संध्याकाळी पुन्हा विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळीही. चार आठवडे, प्रत्येक वेळी, त्यांनी वाचायला लावलं आणि मी वाचलं.